रात्री दवाखाना बंद असतो तेव्हा

(दहावी १९९१च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोललो तसंच छापा, अशी संपादक मंडळाला विनंती केली होती. त्यांनी फक्त शुद्धलेखन सुधारलं आहे.)



कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘आरोग्यविषयक मार्गदर्शन’ असं छापलंय. ते वाचून आपल्या शास्त्राच्या बाईंना हसू आलं असेल, कारण माझ्या वहीतलं हृदय त्यांनी दोनदा पुन्हा काढायला लावलं होतं. तर आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. मेडिकलला जायचं होतं, बारावीला मार्क कमी पडले, मग डी.फार्म. केलं आणि मेडिकल टाकलं. १९९८पासून तेच करतोय. समोर बसलेल्यांपैकी बरेच जण माझे गिऱ्हाईक आहेत आणि दोघांची उधारी अजून बाकी आहे. नावं घेत नाही, ते स्वतःहून हसतायत.

मला बोलायचंय ते रात्री दहा ते सकाळी नऊ या वेळेबद्दल.

आपण शाळेत होतो तेव्हा मानखुर्द हे हार्बरचं शेवटचं स्टेशन होतं. गाडी इथे संपायची. वाशीपर्यंत रूळ गेले ते मे १९९२मध्ये, आपली दहावी होऊन गेल्यावर. त्या काळात आपले डॉक्टर दवाखान्याच्या मागच्या खोलीतच राहायचे. रात्री दोन वाजता कडी वाजवली की बनियनवर बाहेर यायचे, आधी ओरडायचे आणि मग तपासायचे. आता दवाखाना भाड्याच्या गाळ्यात असतो आणि डॉक्टर चेंबूरला, नाहीतर खाडीपलीकडे वाशी-खारघरला राहतात. साडेनऊ-दहाला शटर ओढून ते घरी जातात. त्यात त्यांची चूक काही नाही. महापालिकेचे ‘आपला दवाखाना’ २०२२पासून सुरू झाले, ते रात्री दहापर्यंत चालतात, ही मोठीच सोय झाली. पण दहानंतर आपल्या गल्लीत एकच पाटी लुकलुकत असते, ती माझ्या मेडिकलची. म्हणून लोक माझ्याकडे येतात. “काहीतरी गोळी दे, सकाळी डॉक्टरकडे जातो.”

हे वाक्य मी आजवर हजारो वेळा ऐकलं असेल. त्यातल्या एका वेळेबद्दल आज सांगणार आहे. या हॉलमध्ये हे कुणालाच माहीत नाही. मामींना विचारून सांगतोय.

आपल्या शाळेची घंटा देणारे शिपाईमामा सगळ्यांना आठवतात. मधली सुट्टी दोन मिनिटं उशिरा संपवणारे. २००९च्या मे महिन्यात, ते निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, रात्री पावणेअकराला ते माझ्याकडे आले. मी शटर अर्धं खाली घेतलं होतं. खाली वाकून म्हणाले, “बाळा, छातीत जळजळतंय रे. लग्नाला गेलो होतो, जेवण जड झालं वाटतं.” घामाघूम झाले होते. मे महिना, मीही घामाघूम होतो. डाव्या हाताने जबडा चोळत होते, म्हणाले दाढ पण ठणकतेय. मी पित्ताची गोळी दिली, इनोचं पाकीट दिलं, पैसे घेतले नाहीत आणि वर चेष्टा केली, “मामा, जिलेबी किती हाणलीत?” ते हसले. शटरखालून परत वाकून गेले.

दोन वाजता त्यांना पुन्हा त्रास झाला. मामी म्हणाल्या, कुणाला तरी उठवते. मामा म्हणाले, आता कुणाची झोप मोडायची, सकाळी दवाखाना उघडला की जाऊ. साडेतीनला ते गेले.

त्यांच्या घरापासून चोवीस तास उघडं असलेलं रुग्णालय रिक्षाने पंधरा मिनिटांवर होतं. रात्री तर दहाच.

मी या गोष्टीचा नंतर खूप विचार केला. छातीत जळजळ, घाम आणि जबड्याचं दुखणं एकत्र आलं की काय समजायचं, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. परीक्षेत विचारलं असतं तर लिहिलं असतं. पण समोर मामा होते, चालत आले होते, हसत होते. हार्ट अटॅक आलेला माणूस सिनेमात छाती धरून कोसळतो. खरा माणूस चालत येतो, इनो मागतो आणि आभार मानून जातो. मामींना मी हे सगळं सांगितलं ते अकरा वर्षांनी. त्या म्हणाल्या, “तू काय रे करणार, ते कुणाचं ऐकत होते?” आणि आज इथे बोलू का विचारलं तेव्हा म्हणाल्या, “सांग. पण ते स्वतःच्या पायाने आले होते, हे पण सांग.” म्हणून सांगितलं.

तेव्हापासून माझ्या काउंटरवर मी एक नियम पाळतो. काही तक्रारींना मी गोळी देत नाही, कितीही रागावलात तरी. छातीत दाब किंवा जळजळ आणि सोबत घाम, धाप, हात-जबडा-पाठीत कळ. अचानक तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात उचलता न येणं, बोलणं अडखळणं. दम लागून पूर्ण वाक्य बोलता न येणं. लहान मूल पाणी पीत नाही, उठवून उठत नाही, लघवी झालेली नाही. गरोदर बाईला रक्तस्राव, फिट, किंवा खूप डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी. विषारी काहीतरी पोटात जाणं, साप चावणं, न थांबणारं रक्त. यातलं काहीही सकाळपर्यंत थांबत नाही. साधा ताप, दोन जुलाब, खोकला, कंबर, दाढ हे थांबतं. दाढ एकटी असेल तर.

आपण सगळे आता पन्नाशीत आलो आहोत, म्हणून पहिल्या दोघांबद्दल जरा जास्त बोलतो.

बऱ्याच जणांच्या पाकिटात सॉर्बिट्रेटची गोळी असते. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं असतं, जिभेखाली ठेवा, जीव वाचतो. त्या गोळीने रक्तवाहिन्या सैल होतात, दुखणं काही वेळ कमीही होतं, पण गुठळी तिथेच राहते. शिवाय रक्तदाब खाली येतो. आधीच दाब कमी असलेला माणूस ती घेऊन उभा राहिला तर चक्कर येऊन पडतो. ज्याला त्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलीय त्याने घ्यावी, शेजाऱ्याच्या पाकिटातली घेऊ नये. आणि बरं वाटलं म्हणून जाणं रद्द करू नये. अ‍ॅस्पिरिनचंही तेच. ती चावून खायला सांगतात, पण सगळ्यांना चालत नाही. १०८ला फोन लावलेला असताना तिथेच विचारा.

दुसरं लकव्याचं. आपल्याकडे म्हणतात, अंगावरून वारं गेलं. वारं गेलं म्हटलं की मालिशवाला आठवतो. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं, पण ते लक्षण सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो, कारण काही लकवे गुठळीने होतात, काही रक्तस्रावाने. बाहेरून बघून कुणालाही ते ओळखता येत नाही. म्हणूनच लकव्याला घरी अ‍ॅस्पिरिन द्यायची नाही. आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीची आई, ती परवानगी देऊन समोर बसलीय, रात्री साडेआठला ताटावर बसल्या-बसल्या कलंडली. घरच्यांनी उशीर केला नाही, लगेच जवळच्या एका नर्सिंग होममध्ये नेलं. तिथे सलाईन लावलं आणि दीड तासाने सांगितलं, आमच्याकडे सीटी स्कॅन नाही. तिथून मोठ्या रुग्णालयात पोहोचून स्कॅन होईपर्यंत साडेअकरा. इंजेक्शन मिळालं, आई वाचली, आज काठी घेऊन चालते. दीड तास आधी मिळालं असतं तर काठी लागली असती का, हे कुणी सांगू शकत नाही. पण मैत्रीण मला म्हणाली, “मला जवळचं काय ते माहीत होतं, योग्य काय ते माहीत नव्हतं.”

म्हणून आता रस्ते. हे आपल्याला भूगोलाच्या सरांनी शिकवलं नव्हतं.

सगळ्यात जवळ गोवंडीचं शताब्दी. पूर्ण नाव पंडित मदन मोहन मालवीय शताब्दी रुग्णालय. नातेवाइकांना फोनवर सांगताना ‘गोवंडीचं’ हा शब्द विसरू नका, कारण कांदिवलीच्या आंबेडकर रुग्णालयालाही लोक शताब्दीच म्हणतात. माझा एक मेहुणा डबा घेऊन कांदिवलीला पोहोचला होता. दुसरं घाटकोपरचं राजावाडी, घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडने. त्या रस्त्यावर २०२१मध्ये उड्डाणपूल झाल्यापासून रात्री तिथे पोहोचणं सोपं झालंय. तिसरं सायन, म्हणजे लोकमान्य टिळक रुग्णालय. मोठा अपघात, डोक्याला मार, असं काही असेल तर इकडेतिकडे न थांबता तिकडेच जाण्याचा विचार करावा. लक्षात ठेवा, रिक्षा सायनच्या पुढे शहरात जात नाही. परळला केईएमला जायचं तर टॅक्सी किंवा रुग्णवाहिका लागते.

आणि चौथं, जे आपल्याला सुचतच नाही, ते खाडीपलीकडचं. आपल्या डोक्यात पूल म्हणजे मुंबईची हद्द, पलीकडे दुसरं गाव. महाराष्ट्र नगरच्या टोकाला राहणाऱ्यांना वाशी काही वेळा सायनपेक्षा लवकर गाठता येतं. तिथे नवी मुंबई महापालिकेचंही रुग्णालय आहे, खासगीही आहेत. पूर्वी टोलनाक्याची रांग आठवून लोक तिकडे वळायचे नाहीत. ऑक्टोबर २०२४पासून लहान गाड्यांचा टोलही गेला. अणुशक्तीनगरचं बीएआरसीचं रुग्णालय मात्र मुख्यतः त्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी आहे. आपल्यातल्या ज्यांचे वडील तिथे होते त्यांना ते माहीत आहे.

यातलं कुठे रात्री सीटी स्कॅन होतो, कुठे हृदयाचा डॉक्टर असतो, हे बदलत राहतं. मशिन बंद पडतं, डॉक्टर बदलतात. म्हणून एखाद्या दिवशी, बरं असताना, दुपारी जाऊन विचारून या. मी दर दिवाळीला जातो. पहिल्या वेळी तिथल्या वॉचमनने विचारलं, “पेशंट कुठाय?” म्हटलं, अजून झालेला नाही.

आणखी एक गैरसमज. सकाळी केस पेपर काढायची वेळ संपली की रुग्णालय बंद, असं आपल्या आया समजायच्या आणि अजूनही पुष्कळ जण समजतात. बंद होते ती ओपीडी. कॅज्युअल्टी, म्हणजे अपघात विभाग, रात्रभर चालू असतो आणि नावात अपघात असला तरी तिथे छातीत दुखणारा, दम लागलेला, फिट आलेलं मूल, सगळे जातात. तिथे रांगेप्रमाणे घेत नाहीत, कोण जास्त गंभीर ते बघून घेतात. त्यामुळे तुमच्यामागून आलेल्याला आधी आत घेतलं तर भांडू नका. आणि पोहोचल्यावर पहिलं वाक्य असं बोला: “एवढ्या वाजता हे सुरू झालं.” दहा जण एकदम बोलत असतात आणि डॉक्टरला नेमकी तीच वेळ कुणी सांगत नाही.

आता १०८. २००९मध्ये हा नंबर आपल्याकडे नव्हता. महाराष्ट्रात ही सेवा २६ जानेवारी २०१४ला ९३७ रुग्णवाहिकांनी सुरू झाली. फुकट आहे, गाडीत डॉक्टर असतो. फोन पुण्याच्या केंद्रात लागतो. हे महत्त्वाचं अशासाठी, की पलीकडच्या मुलीला ‘स्टेशनजवळची पिवळी बिल्डिंग’ म्हणजे काय ते कळणार नाही. लल्लूभाई कंपाउंडमध्ये एकसारख्या किती इमारती आहेत, तिथल्यांनाच विचारा. इमारतीचा नंबर, मोठ्या रस्त्यावरची ठळक खूण, पिनकोड, आणि सतत चालू राहील असा मोबाईल नंबर सांगा. एका पोराला मोठ्या रस्त्यावर मोबाईलचा टॉर्च लावून उभं करा. मंडाळा, साठेनगरच्या गल्ल्यांत गाडी शिरत नाही, तर पेशंटला खुर्चीवर बसवून नाक्यापर्यंत आणून ठेवा. दम लागलेल्याला आणि छातीत दुखणाऱ्याला चालवू नका, जिने तर नाहीच. गाडी लांब आहे म्हणाले तर वाट बघत बसू नका. रिक्षा, शेजाऱ्याची गाडी, जे मिळेल ते. रात्री आपल्या नाक्यावरचे रिक्षावाले नाही म्हणत नाहीत, हे मी सत्तावीस वर्षं बघतोय.

पोलीस केस होईल, अ‍ॅडव्हान्स मागतील, या भीतीनेही लोक घरी थांबतात. दिल्लीचा एक खटला आहे, परमानंद कटारा. स्कूटरवाल्याला गाडीने उडवलं, जवळच्या रुग्णालयाने पोलीस केस आहे म्हणून वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात न्यायला सांगितलं, तो वाटेत गेला. १९८९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी असो की खासगी, प्रत्येक डॉक्टरने आधी जीव वाचवायचा, पोलिसांचं नंतर. बंगालमधला हकीम शेख लोकलमधून पडला, एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवलं. १९९६मध्ये न्यायालयाने म्हटलं, हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि भरपाई द्यायला लावली. जखमीला नेऊन सोडणाऱ्यालाही आता कायद्याचं संरक्षण आहे. त्याला नाव सांगायची सक्ती नाही. आणि आपल्या राज्यातल्या ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना, उच्च न्यायालयाच्या २००६च्या योजनेप्रमाणे, १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. तातडीच्या वेळी निर्धन रुग्णाकडून अनामत मागता येत नाही. हे सगळं रात्री दोन वाजता काउंटरवर ओरडून सांगू नका, उपयोग होत नाही. शांतपणे म्हणा, “डॉक्टरांना आधी बघू द्या, कागद मी करतो.” दुसरीकडे पाठवत असतील तर चिठ्ठी मागा. काय झालं, काय दिलं, किती वाजता दिलं, हे त्यावर लिहून घ्या.

मुलांच्या फिटबद्दल थोडक्यात, कारण आता काही जण आजोबा झालेत. कांदा नको, चप्पल नको, तोंडात चमचा नको, पाणी नको. कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८, आणि थांबली तरी पहिलीच फिट असेल तर दाखवायला न्या. २०२२च्या शेवटी गोवंडीत गोवराची साथ आली तेव्हा लेकरं दगावली, ते आपण जवळून पाहिलं. अंगावर पुरळ आलं की ‘देवी आली’ म्हणून घरी ठेवणारे अजून आहेत. त्यात श्वास जोरात चालला असेल तर त्याच रात्री न्यायचं. आणि नातवंडांच्या लसींचं कार्ड आज घरी गेल्यावर काढून बघा.

मधुमेहवाल्यांसाठी एकच. अचानक घाम, थरथर, बरळणं सुरू झालं तर साखर कमी झालेली असू शकते. शुद्धीत असेल तर साखरेचं पाणी द्या. शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ करा.

दाराच्या मागे एक पिशवी टांगून ठेवा. रोजच्या गोळ्यांची नावं मोठ्या अक्षरात, जुना ईसीजी, रेशनकार्ड आणि आधारची झेरॉक्स, थोडे सुटे पैसे, मोबाईलचा चार्जर. गोळ्यांची यादी नसेल तर माझ्याकडे या, मी लिहून देतो. “ती पांढरी छोटी” असं कॅज्युअल्टीत सांगू नका. पांढऱ्या छोट्या गोळ्या माझ्याकडे काहीशे प्रकारच्या आहेत.

माझा वेळ संपला, बाई घड्याळ दाखवतायत, सवय गेलेली नाही. दरवाज्याजवळ एक गठ्ठा ठेवलाय, प्रत्येकाने एक कागद न्या. वर १०८ आहे, खाली ही रुग्णालयं आहेत आणि शेवटची ओळ रिकामी सोडलीय. तिथे तुमच्या घराची अशी खूण लिहा, जी पुण्यात बसलेल्या माणसाला कळेल. चहानंतर पाचवीच्या वर्गात छाती कशी दाबायची ते दाखवणार आहोत. माणूस कोसळला, हाक मारून उठत नाही, श्वास नीट नाही, तर छातीच्या मधोमध, पाच सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, गाडी येईपर्यंत. प्लॅस्टिकचा पुतळा एका ओळखीच्या सिस्टरकडून उसना आणलाय, संध्याकाळी सहाला परत द्यायचाय. गुडघे दुखतात त्यांनी खुर्चीवर बसून बघा, पण या. मामीही येणार आहेत, त्यांनी पुढची जागा सांगून ठेवलीय.